‘आजीची आजी ट्यूनिसला होती’: कार्लोफोर्तेच्या एका घराचा प्रकरण अभ्यास

सार्डिनियाच्या नैऋत्य टोकाला सान पिएत्रो नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ ५१ चौरस किलोमीटर, गाव एकच, कार्लोफोर्ते, आणि वस्ती सुमारे ६,०००. पोर्तोव्हेस्मे बंदरातून फेरीबोटीने अर्धा-पाऊण तास लागतो. बोटीतून उतरल्यावर कानावर सार्डिनियाची भाषा पडत नाही, जेनोव्हाकडची बोली पडते. जेवायला बसलात तर पानात कुसकुस येतो, तोही ‘कास्का’ या नावाने. पत्त्यावर इटली आणि सार्डिनिया, तोंडात लिगुरिया (जेनोव्हाचा प्रदेश), ताटात ट्यूनिशिया असा हा मामला आहे.

इथलं एक नमुन्याचं घर घेऊ. ते कुणा एका कुटुंबाचं नाही, घराण्याचं मूळ शोधताना जे प्रश्न हटकून पुढे येतात ते एका छपराखाली आणलेत, इतकंच. घरातली आजी १९४२ची, तिची मुलगी १९६८ची, नातू १९९५चा. आजीची तीन वाक्यं ठरलेली आहेत. ‘आम्ही मूळचे पेल्यीचे’, म्हणजे जेनोव्हाजवळच्या गावचे. ‘माझी आजी ट्यूनिसला होती, गुलाम करून नेलेली.’ आणि तिसरं, अर्धं हसत, ‘म्हणून आमच्यात थोडं अरब रक्त आहे.’ नातवाने थुंकी तपासणारी डीएनए चाचणी मागवली. अहवालात उत्तर आफ्रिकेसमोर १ टक्का आला आणि घराने तिसरं वाक्य सिद्ध झालं असं धरलं.

यातलं किती टिकतं, कशाने टिकतं आणि कुठे घसरतं, ते इथे पाहू.

आधी तारखा

ताबार्का हा ट्यूनिशियाच्या वायव्य किनाऱ्याला लागून असलेला चिमुकला खडक, अल्जेरियाच्या सीमेजवळचा. १५४०च्या दशकात तो जेनोव्हाच्या लोमेल्लिनी घराण्याकडे आला. परंपरा सांगते की पकडलेला दर्यासारंग द्रागुत सोडण्याच्या बदल्यात ही सवलत मिळाली. लोमेल्लिनींना हवं होतं पोवळं. बुड्या मारणारे आणि जाळी ओढणारे लोक त्यांनी आपल्या वतनाच्या गावातून, जेनोव्हाच्या पश्चिमेच्या पेल्यीतून आणले. जवळपास २०० वर्षं ही वस्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जेनोव्हाची बोली बोलत राहिली.

पोवळं संपत आलं, खडकावर माणसं मावेनात, बेची, म्हणजे ट्यूनिसच्या शासकाची, मागणी वाढली. १७३८ मध्ये सार्डिनियाचा राजा कार्लो एमान्युएले तिसरा याने ओसाड सान पिएत्रो बेट वसवायला दिलं आणि ताबार्कातले लोक आगोस्तिनो तालियाफिको याच्या पुढाकाराने तिथे उतरले. गावाला राजाचं नाव मिळालं: कार्लोचा किल्ला, कार्लोफोर्ते. थेट लिगुरियातूनही काही घरं आली.

जे मागे राहिले त्यांचे हाल झाले. १७४१ मध्ये ट्यूनिसच्या बेच्या फौजेने ताबार्का घेतलं आणि शेकडो लोक गुलाम झाले. त्यातल्या काहींना सार्डिनियाच्या राजाने सोडवून कार्लोफोर्तेत आणलं. काही १७५६ मध्ये ट्यूनिसच्या पाडावात अल्जीयर्सला नेले गेले. त्यांना स्पेनच्या कार्लोस तिसऱ्याने खंडणी भरून सोडवलं आणि १७६९च्या सुमारास स्पेनच्या आलिकांते शहरासमोरच्या एका सपाट बेटावर वसवलं. तेच नुएव्हा ताबार्का. १७७० मध्ये आणखी एक तुकडी शेजारच्या सांत’आंतिओको बेटावर उतरली आणि कालासेत्ता गाव उभं राहिलं.

मग सप्टेंबर १७९८. ट्यूनिसच्या समुद्री लुटारूंनी रात्रीतून कार्लोफोर्ते गाठलं आणि ९०० च्या आसपास माणसं उचलून नेली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. ती पाच वर्षं ट्यूनिसमध्ये राहिली आणि १८०३ मध्ये तडजोड होऊन सुटली. सगळे परतले नाहीत. काही तिथेच मेले, काही मुसलमान होऊन राहिले. बंदिवासातच निकोला मोरेत्तो नावाच्या माणसाला एक काळवंडलेली लाकडी बाई सापडली. गलबताच्या नाळेवर बसवतात तशी ती असावी. बंदिवानांनी तिला मरियम मानलं. आज ती कार्लोफोर्तेच्या छोट्या चर्चमध्ये आहे. तिचं नाव ‘मादोन्ना देल्लो स्कियाव्हो’, म्हणजे गुलामाची माता, आणि तिचा सण १५ नोव्हेंबरला असतो.

या चौकटीत आजीची वाक्यं ठेवून पाहायची आहेत. अनुभव असा की सुरुवात दुसऱ्या वाक्यापासून करावी, कारण ते साध्या वजाबाकीला लागतं.

वजाबाकी

आजी १९४२ची. तिची आई १९१५च्या आसपासची, आजी १८८८च्या. १७९८ची घटना या बाईच्या जन्माआधी ९० वर्षं झाली. तेव्हा ‘माझी आजी गुलाम होती’ हे शब्दशः अशक्य आहे. १७९० मध्ये जन्मलेली, आठ वर्षांची असताना उचलून नेलेली मुलगी धरली तर तिची मुलगी १८१५ची, नात १८४०ची, पणती १८६४ची, आणि मग कुठे आपली १८८८ची बाई. मधल्या तीन बायका गळाल्या आहेत.

यात लबाडी नसते. तोंडी आठवण तीन-साडेतीन पिढ्यांच्या पलीकडे आकुंचन पावते. मोठी घटना जवळच्या माणसाला चिकटते आणि मधली साधी माणसं निसटतात. आपल्याकडे ‘आमचे खापरपणजोबा पानिपतात होते’ म्हणणाऱ्या घरात पिढ्या मोजल्या तर असंच दोन-तीन पुरुषांचं भगदाड निघतं.

पण वजाबाकीतून दुसरी एक शक्यता वर येते, आणि या प्रकरणाची खरी गोम तीच आहे. १८८८ची बाई गुलाम नव्हती म्हणून ती ट्यूनिसला नव्हती असं होत नाही. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्यूनिशियावर ताबा बसवला आणि त्यानंतर इटलीच्या दक्षिणेतून व बेटांवरून कामासाठी लोंढे गेले. १९११च्या मोजणीत ट्यूनिशियात इटालियन ८८,००० होते आणि राज्य करणारे फ्रेंच त्यांच्या निम्मे, ४६,०००. कोळी, गवंडी, बंदरातले हमाल, खाणकामगार, घरकाम करणाऱ्या मुली. १९०५च्या सुमाराला सतरा वर्षांची कार्लोफोर्तेची मुलगी बाप किंवा मामाबरोबर ट्यूनिसजवळच्या ला गुलेत बंदराला जाऊन काही वर्षं राहिली असेल, तर त्यात काही विशेष नाही. विशेष नाही म्हणूनच ते कुणी सांगत बसलं नाही.

म्हणजे या घराकडे दोन ट्यूनिस असू शकतात. एक १७९८चं, साखळदंडांचं, ज्याची दरवर्षी मिरवणूक निघते. दुसरं पोटासाठी गेलेल्या माणसांचं, ज्याला ना सण ना मूर्ती. आजीच्या लहानपणी ‘ती ट्यूनिसला होती’ हे वाक्य घरात फिरत असेल, आणि चर्चमध्ये दरवर्षी गुलामगिरीची गोष्ट ऐकून त्याला ‘गुलाम करून नेलेली’ हे शेपूट लागलं असेल. दोन्ही शक्यता कागदावर वेगळ्या करता येतात.

कागद कसे चालवायचे

इटलीत सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८६६ पासून आहे. त्याआधीचं सगळं चर्चकडे. कार्लोफोर्तेचं मुख्य चर्च सान कार्लो बोर्रोमेओचं, धर्मप्रांत इग्लेसियासचा. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन वंशावळ म्हणतो, त्र्यंबकेश्वरी उपाध्याय नामावळ काढतो. इथे ते काम पाद्र्याच्या वहीचं. सरकारी वह्यांचा मोठा भाग राज्य अभिलेखागारांनी ‘आंतेनाती’ या संकेतस्थळावर फुकट ठेवला आहे. पण अलीकडच्या ७० वर्षांतले कागद तिथे शोधू नयेत, ते नगरपालिकेकडे असतात आणि नातं दाखवून दाखला काढावा लागतो.

क्रम उलटा ठेवायचा: जवळच्यापासून लांब. आजीचा जन्मदाखला, मग तिच्या आईबापांची विवाहनोंद, मग त्या आईची जन्मनोंद. जन्मापासून जन्माकडे थेट उडी मारू नये, प्रत्येक पिढीत विवाहनोंद मध्ये घ्यावी. तिच्यात दोघांची वयं, जन्मगाव, राहण्याचं ठिकाण आणि दोन्हीकडचे आईबाप एकत्र सापडतात. ‘जन्मगाव’ आणि ‘राहण्याचं ठिकाण’ हे रकाने वेगळे आहेत, आणि आपल्या प्रकरणात सगळं त्यांवर अवलंबून आहे. १८८८च्या बाईच्या विवाहनोंदीत राहण्याचं ठिकाण ट्यूनिस निघालं, किंवा लग्नच तिथल्या इटालियन वकिलातीत लागून नोंद मागाहून गावी आलेली दिसली, तर दुसरं ट्यूनिस सापडलं. तिच्या पहिल्या एक-दोन मुलांचा जन्म गावच्या वहीत नसेल आणि नंतरच्यांचा असेल, तर तोही इशारा समजावा.

एका बाबतीत हे काम आपल्यापेक्षा सोपं आहे. इटालियन कागदात बाई लग्नानंतरही बापाच्या आडनावाने लिहिली जाते. आपल्या कुलवृत्तान्तात सून येते ती ‘सौ. अमुक, पूर्वाश्रमीच्या तमुक’ अशी, तीही संपादकाला वाटलं तर. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी संपते. इटलीत आठ पिढ्यांच्या फक्त बायकांची साखळी काढता येते. आपल्याकडे ते बहुतेक घरांत स्वप्नच.

आता घसरण्याच्या जागा.

पहिली आणि सगळ्यात मोठी: नावांची पुनरावृत्ती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, मुलींनाही त्याच न्यायाने आज्यांची. आडनावं मोजकी: रिव्हानो, रोम्बी, बोर्गेरो, लुक्सोरो, पारोदी अशी. एका आजोबाला पाच मुलगे असतील तर त्याच नावाचे, त्याच आडनावाचे पाच नातू पंधरा वर्षांच्या आत एकाच गावात. म्हणून गावात टोपणनाव हीच खरी ओळख. आजीला आडनावाआधी घराण्याचं टोपणनाव विचारावं. कागदात ते नसलं तरी शेजारच्या घराशी होणारा गोंधळ टळतो.

दुसरी: मेलेल्या मुलाचं नाव पाठच्याला देण्याची रीत. १८३८ची एक मरिया आणि १८४०ची दुसरी मरिया, आईबाप तेच. पहिली सापडली की शोधणारा खूश होऊन थांबतो, आणि ती दीड वर्षाची असताना गेलेली असते. म्हणून जन्मनोंद सापडल्यावर पुढची दहा वर्षं मृत्यूची वही चाळल्याशिवाय ती व्यक्ती पक्की धरू नये.

तिसरी जागा धोक्याची नाही, फायद्याची आहे आणि लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. बापाच्या नावामागे ‘दि’ असेल तर बाप हयात, ‘फू’ असेल तर मयत. आपल्या ‘कै.’सारखंच, पण दोन अक्षरांत. १८६२च्या नोंदीत ‘दि आंतोनियो’ आणि १८६६च्या नोंदीत ‘फू आंतोनियो’ असेल तर आंतोनियो मधल्या चार वर्षांत गेला. मृत्यूची वही चाळायला चारच वर्षं उरली. आणि १८६६ नंतर पुन्हा ‘दि आंतोनियो’ दिसला तर तो दुसराच आंतोनियो, आपण वाट चुकलो.

चौथी गोष्ट चुलत-मावस लग्नांची. छोट्या बेटावर वरवधूचं नातं निघणारच. १९१७ पर्यंत कॅथलिक चर्चचा नियम असा होता की चौथ्या पायरीपर्यंतचं रक्ताचं नातं असेल, म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एक असतील, तर आधी सूट मागायची. सूट मागताना नातं मांडून दाखवावं लागे, पुष्कळदा झाडच काढून. अशी एक सूट हातात आली तर एका कागदात पाच पिढ्या मिळतात, त्याही ज्यांनी माणसं डोळ्यांनी पाहिली त्यांच्या जबानीवर. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे सर्रास होतं, त्याला कागद लागत नाही, म्हणून मागे काही उरतही नाही.

१७९८ची वाट

साखळी १८१५च्या बाईपर्यंत पोचली की प्रश्न बदलतो. तिची आई १७९० किंवा त्याआधीची. ती पळवली गेली होती का?

हे तपासायला तिच्याबद्दलची नोंद शोधण्याइतकंच महत्त्वाचं आहे नोंदींमधलं भोक शोधणं. ज्या घराची माणसं सप्टेंबर १७९८ ते १८०३ ट्यूनिसमध्ये होती, त्या घराचे बाप्तिस्मे, लग्नं आणि मयती गावच्या वहीत या पाच वर्षांत असणार नाहीत. १७९६ला एक मूल, १८०५ला पुढचं आणि मध्ये काहीच नाही, तर संशयाला जागा आहे. पण एवढ्यावर शिक्का मारू नये. नवरा दर्यावर असेल, दोन मुलं पोटातच गेली असतील. पळवलेल्यांच्या आणि सुटलेल्यांच्या याद्या, खंडणीचा पत्रव्यवहार, आणि ट्यूनिसमध्ये १७व्या शतकापासून असलेल्या कापुचिन (कॅथलिक संन्यासी) मिशनच्या वह्या, यांपैकी एका तरी ठिकाणी नाव जुळलं पाहिजे. बंदिवासात जन्मलेल्या ख्रिस्ती मुलाचा बाप्तिस्मा तिथला, गावचा नाही. म्हणून १८२२च्या विवाहनोंदीत वधूचं वय एकवीस आणि जन्म गावच्या वहीत नाही असं दिसलं, की शोध ट्यूनिसकडे वळवायचा.

वयाच्या बाबतीत दोन-तीन वर्षं इकडेतिकडे चालतात. त्या काळात माणसाला स्वतःचं वय अदमासानेच ठाऊक असे आणि लिहिणारा ते पाचाच्या पटीत लोटत असे.

एक टक्का

आता नातवाचा अहवाल.

समजा, सगळ्यात रंजक शक्यता खरी आहे. एका बंदिवान बाईला ट्यूनिसमध्ये स्थानिक पुरुषापासून मुलगी झाली, मुलगी आईबरोबर १८०३ला परत आली, आणि आपली आजी तिच्या वंशातली. नातवापासून मोजलं तर ती मुलगी सातव्या पिढीत येते आणि तिचा ट्यूनिसी बाप आठव्या. आठव्या पिढीत पूर्वजांच्या जागा २५६. एकाचा सरासरी वाटा २५६ मधला एक, ०.४ टक्का. पण डीएनए चमच्याने वाटला जात नाही, तुकड्यांनी उतरतो, आणि प्रत्येक पिढीत काही तुकडे अजिबात पुढे जात नाहीत. आठव्या पिढीतल्या नेमक्या एका पूर्वजाकडून एकही तुकडा आपल्यात नसण्याची शक्यता साधारण सातात एक असते. दहाव्या पिढीत ती दोनात एक होते. पूर्वज खरा असूनही रक्तात त्याचा मागमूस नाही, असं सहज होऊ शकतं.

बापाच्या रेषेची वाय चाचणी आणि आईच्या रेषेची मायटोकॉन्ड्रिया चाचणी या घराला इथे उपयोगाची नाही. वाय फक्त बापाकडून मुलाला जातो. ट्यूनिसी पुरुषाला मुलगी झाली, तिथेच त्याचा वाय थांबला. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो, आणि मुलीची आई कार्लोफोर्तेचीच. दोन्ही चाचण्या करून शेकडो युरो घालवले तरी ज्याला शोधतोय तो दोन्हींच्या मधून निसटतो.

मग अहवालातला १ टक्का काय? तो कशाचाही असू शकतो. कंपनी आपला नमुना आजच्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहते. सिसिली, सार्डिनिया आणि दक्षिण इटलीच्या लोकांत उत्तर आफ्रिकेशी सामाईक असं थोडं फार जुनं असतंच, हजार-अडीच हजार वर्षांपूर्वीचं, कार्थेजपासून अरब राजवटीपर्यंतचं. एक-दोन टक्क्यांचे आकडे तर कंपनीने आपली गणिताची पद्धत बदलली की वर्षभरात नाहीसेही होतात. त्या १ टक्क्यावरून १८०१ सालच्या ट्यूनिसच्या एका पुरुषावर बोट ठेवणं म्हणजे रश्श्यातल्या मिठावरून मीठ कुठल्या मिठागरातलं ते सांगणं.

चाचणीत आणखी एक गंमत होते. ‘तुमचे जुळणारे नातेवाईक’ या यादीत कार्लोफोर्तेची माणसं प्रत्यक्षापेक्षा जवळची दिसतात. दहाव्या पिढीत वंशवृक्षात जागा १,०२४, आणि १७३८ला बेटावर उतरलेली माणसं काहीशे. एकाच जोडप्याला झाडात पाच-सहा ठिकाणी बसावं लागतं. पाच-सहा बारीक नाती एकत्र आली की बेरीज एका जाड नात्यासारखी दिसते, आणि यंत्र म्हणतं ‘चुलत भाऊ’, जो कागदावर पाचव्या-सहाव्या पायरीचा निघतो. अशा वेळी एकूण सामाईक लांबीकडे बघू नये, सगळ्यात लांब सलग तुकडा केवढा आहे ते बघावं. जवळच्या नात्यात थोडे पण लांब तुकडे असतात, बेटावरच्या जुन्या गुंत्यात पुष्कळ पण आखूड.

मिश्र रक्ताचा भक्कम कागद या कहाणीत आहे, पण तो दुसऱ्या बाजूला आहे. १८३७ ते १८५५ या काळात ट्यूनिसवर राज्य करणारा अहमद बे याची आई १७९८ मध्ये सान पिएत्रोहून पळवून नेलेली मुलगी होती. याच अहमद बेने १८४६ मध्ये आपल्या राज्यातली गुलामगिरी बंद केली. बेटावरचे लोक ट्यूनिसचं रक्त स्वतःत शोधतात, पण बेटाचं रक्त ट्यूनिसच्या तख्तावर बसून गेलं.

पेल्यी, आणि न सांगितलेल्या सुना

पहिलं वाक्य, ‘आम्ही मूळचे पेल्यीचे’, एका अर्थी खरं आहे. बोली लिगुरियाचीच आहे. सार्डिनियाने १९९७च्या प्रादेशिक कायद्यात या बोलीला, ताबार्किनोला, स्थान दिलं, जेनोव्हा प्रांताने कार्लोफोर्ते आणि कालासेत्ताला मानाची गावं ठरवलं. पण बोली एका तोंडाची असते आणि घर अनेकांचं.

या घराच्या बापाच्या रेषा मागे नेल्या तर पेल्यी-जेनोव्हाकडची आडनावं मिळतील. आयांच्या रेषा नेल्या तर चित्र फिस्कटतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात समोरच्या सुल्चिस-इग्लेसियेंते भागात शिसं आणि जस्ताच्या खाणी जोरात होत्या. खनिज गलबतांत भरून कार्लोफोर्तेला यायचं आणि मोठ्या जहाजांत चढायचं. पाठीवर टोपल्या वाहणारे ‘गालांसिएरी’ आणि नावाडी यांची गावात फौज होती. ज्युझेप्पे काव्हाल्लेरा या डॉक्टराने १८९७च्या सुमारास त्यांची संघटना बांधली. बंदर म्हटलं की कारकून, जकातवाले, सुतार, शिपाई आले, आणि त्यांच्याबरोबर पिएमोंते, कांपानिया, सिसिली आणि खुद्द सार्डिनियाची नावंही. त्यांच्या मुली या घरांत सुना झाल्या, वर्षभरात ताबार्किनो बोलू लागल्या आणि त्यांची मुलं ‘मूळची पेल्यीची’ झाली. विवाहनोंदीतला जन्मगावाचा रकाना ओळीने उतरवून काढला की हे दिसतं. त्याला अर्धा दिवस पुरतो, आणि डीएनए अहवालापेक्षा त्यातून जास्त कळतं.

सार्डिनियन सुनेबद्दल घरं जास्त गप्प असतात असं आमचं निरीक्षण आहे. ट्यूनिसचा अरब लांबचा, त्याने प्रतिष्ठा वाढते. समोरच्या गावची मेंढपाळाची मुलगी जवळची. पण वाय गुणसूत्राचा आय-एम२६ हा गट सार्डिनियाच्या ३५ ते ४० टक्के पुरुषांत असतो आणि मुख्य भूमीवर तुरळक. तो या घरातल्या एखाद्या पुरुषात निघाला, तर बापाच्या रेषेतच कुणी समोरून आलं होतं असा तर्क बळकट होतो. आजीला ते ट्यूनिसपेक्षा जड जाईल.

स्पेनमधल्या नुएव्हा ताबार्काशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट उघड होते. तिथली बोली मेली, सगळे स्पॅनिश-व्हॅलेन्सियन बोलू लागले, पण आडनावं राहिली, फक्त कानाने लिहिलेली. ज्याकोपिनोचं चाकोपिनो झालं, लुक्सोरोचं लुचोरो. लिगुरियाच्या लिखाणातला तो ‘क्स’ दिसणारा वर्ण उच्चारात ‘झ’च्या जवळ जातो. स्पॅनिश कारकुनाने ऐकलं ते ‘च’ने लिहिलं. नातेवाईक शोधताना लेखन ताडून पाहिलं तर हे दोन लुक्सोरो एकमेकांना कधी भेटणार नाहीत. मोठ्याने उच्चारून पाहावं लागतं.

ताट काय सांगतं

कुसकुस खातात म्हणजे रक्त मिसळलं, ही चूक फार सामान्य आहे. स्वयंपाक शिकायला लग्न लागत नाही, २०० वर्षांचा शेजार पुरतो.

कास्का करण्याची रीत मात्र बघण्यासारखी आहे. जाड रवा पसरट मातीच्या परातीत घेतात. मिठाचं पाणी बोटांनी शिंपडत तळहाताने गोल फिरवत जातात, दाणे बाजरीएवढे होईपर्यंत. पाणी एकदम ओतलं की शिरा होतो आणि मग तो सुटत नाही. म्हणून शिंपडायचं, फिरवायचं, थोडं थांबायचं, पुन्हा शिंपडायचं. मग तळाला भोकं असलेल्या भांड्यात, खालच्या उकळत्या पातेल्यावर वाफवायचं. मोदकपात्रासारखंच, फक्त दोन भांड्यांचा सांधा कणकेच्या वळीने लिंपतात. सांध्यातून वाफ निसटली तर वरचे दाणे कच्चे आणि खालचे गिच्च. मध्ये एकदा उतरवून, तेलाचा हात लावून, गुठळ्या मोडून पुन्हा चढवतात. वर कोबी, हरभरे, गाजर, वाटाणे, आर्टिचोक अशा भाज्या. ट्यूनिसच्या घरी वर मटण किंवा मासा असतो, इथे भाज्यांवर भागतं.

बाजारात ‘फाकुस्सा’ मिळते. ती वाळकाच्या कुळातली, काकडीसारखी कच्ची खायची. नाव सरळ अरबीतलं ‘फक्कूस’. याउलट ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, पकडण्याच्या मोठ्या जाळ्याचा प्रमुख ‘राइस’ म्हणवतो, आपला तांडेलच. हाही शब्द अरबी. पण तो सिसिलीपासून स्पेनपर्यंत सगळे कोळी वापरतात, म्हणून ताबार्काचा पुरावा म्हणून त्याला काही किंमत नाही. फाकुस्साला आहे. ज्या शब्दाचा वापर सगळ्या समुद्रात आहे तो बाजूला ठेवायचा आणि ज्याचा वापर या दोन-तीन गावांतच आहे तो उचलायचा, ही चाळणी लावली की अरबी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शब्दांची लांब यादी बरीच आखूड होते.

घराच्या वहीत काय लिहायचं

आजीची तीन वाक्यं खोडू नयेत. ती जशी बोलली तशी, तिच्या बोलीत, तारखेसह पहिल्या पानावर उतरवावीत, शक्य असल्यास आवाजासकट. दोन वर्षांनी कागद वाचून तीच वाक्यं ती बदलून सांगेल आणि मूळ हाती लागणार नाही.

त्याखाली दोन ट्यूनिस वेगवेगळ्या ओळींत. १८८८च्या बाईचं ट्यूनिस: विवाहनोंद, मुलांचे जन्म, वकिलातीची नोंद, यांतलं जे सापडलं ते शाईने. १७९८चं ट्यूनिस: वहीतलं भोक, यादीतलं नाव, मिशनमधला बाप्तिस्मा, तिन्ही जुळेपर्यंत पेन्सिलने. अरब बापाची जागा रिकामी ठेवायची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव नसणं याचा अर्थ तो अरब होता असा होत नाही. तो दुसऱ्या जागी विकला गेलेला कार्लोफोर्तेचाच नवरा असेल, आधीच मेलेला असेल, किंवा लिहिणाऱ्याने विचारलंच नसेल.

आणि आजीला पुढच्या भेटीत ‘ती गुलाम होती का’ हे विचारू नये, त्याचं उत्तर तयार असतं. ती परत आली तेव्हा कुठल्या बंदरात उतरली, तिच्याबरोबर कोण होतं, सामानात काय होतं, तिला फ्रेंच येत होतं का, हे विचारावं. फ्रेंचमध्ये आकडे मोजणारी आजी १८०३ला परत आलेली नसते.